तीन मिलिमीटरची भीती

वाफेचं इंजिन म्हटलं की माणसं दोन पावलं मागे सरकतात. मित्रांनो, तुम्ही सरकू नका. मी एक जुनं इंजिन आहे खरं, पण लांबीला हातभर आणि वजनाला भरलेल्या कुकरएवढा. खऱ्या इंजिनाचा चोविसावा हिस्सा. माझ्या पोटात तांब्याचा बॉयलर आहे. त्याखाली स्पिरिटचा दिवा पेटला की पाणी उकळतं आणि मी वाफेवर खरोखर धावतो. धावत होतो, असं म्हणायला हवं. आणि जे सांगणार आहे ती माझ्या शौर्याची गोष्ट नाही, हेही आधीच सांगून टाकतो. गेलं वर्षभर मी फक्त घाबरत आलो आहे.

माझा मुक्काम दिल्लीत, द्वारकेच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर. मागच्या दाराला लागून लहानसं अंगण आहे. त्यात एक लिंबोणी, एक कढीपत्ता आणि कडेकडेने फिरलेले माझे रूळ. विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून सतत विमानं जातात. एवढ्या मोठ्या विमानांना मी कधी भ्यालो नाही. भ्यालो ते एका पुठ्ठ्याच्या खोक्याला, आणि तेही ते घरी येण्याच्या आठ महिने आधीपासून.

मला घडवलं वाल्मीक रंगारी यांनी. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबा मूळचे यवतमाळकडच्या दारव्ह्याचे. गावावरून रेल्वेची छोटी लाईन जायची आणि बाबांचे वडील त्या लायनीवर गँगमन होते. गँगमन म्हणजे उन्हातान्हात रूळ तपासत चालणारा माणूस. त्यांच्या खांद्यावर एक लोखंडी पट्टी असे. ती दोन रुळांच्या मध्ये आडवी धरायची. नेमकी बसली तर पुढे चालायचं, नाही बसली तर तिथेच थांबून रूळ सरळ करायचे. बाबांचं लहानपण त्या पट्टीमागे चालण्यात गेलं. पुढे शिकून तेही रेल्वेत लागले, दिल्लीला आले, पण त्यांना मिळालं वर्कशॉप, आणि वर्कशॉपात चाकांचं खातं. नोकरीभर त्यांनी चाकं मोजली.

एके वर्षी गावाकडून कळलं की छोट्या लायनीवरचं वाफेचं इंजिन आता बंद होणार. बाबा रजा टाकून गेले. तीन दिवस त्या इंजिनाभोवती टेप घेऊन फिरले, वही भरली आणि परत येऊन सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत मला घडवायला बसले. पितळेचे पत्रे भंगारातून आले, बॉयलरची नळी आली फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून. बाबांची बायको रमाबाई दर रविवारी पत्र्याचं दुसरं टोक धरून उभी राही आणि भाजी करपली की मला बोल लावी. तीन वर्षं हे चाललं. तीन वर्षांत माणसाचं मूल बोलायला लागतं, मला नुसती शिट्टी आली.

आणि त्यातच ती गोष्ट झाली. माझ्या मापाच्या इंजिनांसाठी ठरलेला नियम आहे, दोन रुळांमधलं अंतर बत्तीस मिलिमीटर. बाबांनी वहीत मोठ्या अक्षरात बत्तीस लिहिलं. पण हात पडला चाकांच्या खात्यातला. तिथे माप घेतात ते जोडीच्या दोन चाकांच्या आतल्या तोंडांमधलं. हाताला जी सवय होती तेच त्याने केलं आणि माझी चाकं आतून बत्तीसवर बसवली. चाकांच्या कडा त्याच्याही बाहेर. म्हणजे रूळ पस्तीसवर ठोकले तरच मी त्यांवर उभा राहणार.

हे लक्षात आलं तेव्हा चाकं आसांवर घट्ट दाबून बसवून झाली होती, अंगाला रंग लागला होता, आणि वर्कशॉपातल्या दहा जणांना रविवारचं आमंत्रण गेलं होतं. बाबा बराच वेळ बाल्कनीत उकिडवे बसून राहिले. मग उठले, पितळेची पस्तीस मिलिमीटरची पट्टी कापली आणि तिच्या मापाने रूळ ठोकले. मला सुधारण्याऐवजी त्यांनी रुळांनाच चुकवलं. गँगमनचा मुलगा रुळांचं माप चुकला, हे त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. त्या रविवारी मी झोकात धावलो. टाळ्या पडल्या. पण प्रत्येक टाळी मला उसनी वाटत होती, कारण तीन मिलिमीटरचं हे गुपित आता आम्हा दोघांचं होतं.

पुढची वर्षं मात्र सुखाची गेली, खोटं कशाला बोलू? बाबा निवृत्त झाले, आम्ही द्वारकेला आलो, रूळ अंगणात आले. दर चौदा एप्रिलला सकाळी घरात वंदना व्हायची, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला जायचा, ओळखीची मंडळी जमायची आणि नाश्त्यानंतर सगळे अंगणात यायचे. मग माझा मान. मागे आठ उघड्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, प्रत्येकीत बुंदीचा एकेक लाडू. लिंबोणीला वळसा घालून मी येई आणि ज्याच्या समोर थांबे त्याने लाडू उचलायचा. इंजिनांचे वेडे लोकही येत. त्यातला नोएडाचा साकेत तर माझ्यासमोर पालथा पडून फोटो काढायचा आणि म्हणायचा, "रंगारीअंकलच्या मापात केसाचाही फरक सापडणार नाही." बाबा हसून आत पाणी आणायला जायचे. मला कुठे जाता येत नसे. मी तसाच वाफा सोडत उभा राही.

या सगळ्यात एक माणूस मात्र लांब उभा असायचा. धम्मपाल, बाबांचा मुलगा. मी तयार झालो तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. बाबांनी त्याला मला कधी हात लावू दिला नाही. पाहुण्यांची पोरं मला गोंजारायची, शेजारचे आजोबा शिट्टी वाजवायचे, पण धम्मपालने बोट पुढे केलं की बाबांचा आवाज चढे. "लांबून बघ." असं शंभरदा झाल्यावर त्याने लांबून बघणंही सोडलं. आता तो गुरुग्रामच्या एका उंच इमारतीत बसतो, मोठ्या हुद्द्यावर आहे, महिन्यातून दोनदा येतो. आला की आईशी गप्पा मारतो, बाबांची औषधं बघतो आणि माझ्याकडे पाठ करून बसतो. मी त्याला दोष देत नाही. बाबांनी मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, ते त्याच्या डोळ्यांदेखत.

औषधं, म्हणजे हातांची. चार-पाच वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरू लागला, मग डावाही. आधी चहाच्या कपात दिसायचं, मग सहीत, मग माझ्या टाकीत पाणी भरताना. गेल्या वर्षी जानेवारीत दुपारच्या उन्हात ते मला पेटवायला बसले. स्पिरिटची बाटली हातात हलली, स्पिरिट स्वेटरच्या बाहीवर सांडलं आणि काडी ओढताच बाहीने पेट घेतला. रमाबाईने दोरीवरचा ओला टॉवेल ओढून त्यांच्या हातावर गुंडाळला म्हणून निभावलं. मनगट भाजलं, महिनाभर पट्टी होती. मित्रांनो, आग माझ्या दिव्यातली होती. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटू लागली.

धम्मपाल ऑफिसातून तसाच धावत आला. पट्टी बघितली, मग मला बघितलं.

"आई, हे खेळणं नाही, बॉम्ब आहे घरात," तो म्हणाला. "आजपासून बंद म्हणजे बंद."

त्या चौदा एप्रिलला लाडू ताटातून वाटले गेले आणि मी थंड उभा राहिलो.

मग ऑगस्टमधल्या एका रविवारी साकेत फोन नाचवतच आला. धम्मपालही त्या दिवशी घरी होता.

"अंकल, हे बघा. फायनली," साकेत म्हणाला. "आपल्या छोट्या लायनीचं इंजिन. बाहेरची कंपनी काढतेय, रेडी टू रन. खोक्यातून काढा, रुळावर ठेवा, रिमोट दाबा. धूर निघतो, शिट्टी वाजते."

"आग?" धम्मपालने विचारलं.

"आग बिल्कुल नाही. बॅटरी."

धम्मपालने तिथेच बसल्या बसल्या बुकिंग केलं. "बाबा, हे माझ्याकडून," तो म्हणाला. त्याच्या आवाजात मी पहिल्यांदाच काहीतरी ऐकलं, शाळेतून निकाल घेऊन आलेल्या मुलासारखं. बाबांनी छान आहे, छान आहे, असं दोनदा म्हटलं आणि विचारलं, "गेज किती?"

"बत्तीस, अंकल. स्टँडर्ड. तुमच्या रुळांवर आरामात धावेल."

बाबांच्या हातातला कप बशीवर वाजू लागला. सगळ्यांना वाटलं, आजार. माझे मात्र हातपाय गळले, म्हणजे मला असते तर गळले असते.

रेडी टू रन. हे तीन शब्द मी त्यानंतर इतक्यांदा ऐकले की मला त्यांचा धसकाच बसला. मी तयार व्हायला तीन वर्षं घेतली होती. मला पेटवायचं तर आधी पाणी भरा, तेल घाला, वाती कातरा, वीस मिनिटं थांबा. हा नवा येणार तो खोक्यातूनच तयार. तो आला की मी कुठे जाणार, हे विचारायची गरज नव्हती. रमाबाईने विचारलं तरी.

"मग ह्याला कुठे ठेवायचं?"

"पॅक करून माळ्यावर," धम्मपाल म्हणाला. "नाहीतर देऊन टाकू कुणाला तरी."

मला माळा ठाऊक आहे. तिथे रमाबाईचं बंद पडलेलं शिवणयंत्र गेलं आहे. त्यानंतर त्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही.

पण माळ्याहूनही मोठी भीती दुसरी होती. बत्तीसचं इंजिन पस्तीसच्या रुळांवर ठेवलं की काय होणार, हे मला आणि बाबांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. आमची तीस वर्षांची अब्रू त्या खोक्यात बंद होऊन येणार होती.

कंपनीने ऑक्टोबर सांगितला होता. ऑक्टोबरमध्ये निरोप आला, डिसेंबर. माझ्या जिवात जीव आला. डिसेंबरमध्ये रंगवलेल्या नमुन्याचे फोटो आले. साकेतने ते मोठे करकरून बाबांना दाखवले, खिळे मोजले, घंटा कुठे आहे ते पाहिलं. दिसायला देखणा होता तो, नाही कशाला म्हणू? हिरवा, कोरा, एक डाग नाही. मग निरोप आला, फेब्रुवारी. धम्मपाल फोनवर कंपनीच्या नावाने वैतागायचा आणि बाबा त्याला समजावायचे, "येईल रे, घाई काय आहे?" माझीही नेमकी तीच इच्छा होती, की घाई काहीच नसावी.

दुपारी रमाबाई पडलेली असली की बाबा अंगणात येत. खिशातून पितळेची ती जुनी पट्टी काढून रुळांमध्ये धरून बघत. जणू तीस वर्षांत रूळ आपोआप जवळ आले असतील. एकदा त्यांनी पकड आणून एक खिळा उपटायचा प्रयत्न केला. पकड खिळ्यावर बसेना. चार वेळा निसटली आणि पाचव्यांदा त्यांनी ती बाजूला ठेवून दिली. दारात रमाबाई उभी होती.

"अहो, सांगून टाका पोराला," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"पस्तीस आहे ते."

बाबांनी मान वर केली. मीही केली असती.

"पत्र्याचं दुसरं टोक मीच धरत होते ना? मला पट्टीवरचा आकडा वाचता येत नाही असं वाटलं काय तुम्हाला?"

बाबांनी पट्टी खिशात टाकली. मग हळूच म्हणाले, "ते इंजिन यायचंच नाही, बघ. अशा कंपन्या मध्येच गुंडाळतात." पंचाहत्तरीला टेकलेला माणूस असं बोलतो तेव्हा तो किती घाबरलेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. आणि खरं सांगतो, मीही मनोमन कंपनीचं दिवाळं निघावं म्हणून प्रार्थना करत होतो.

कंपनीचं काही निघालं नाही. अकरा एप्रिलला खोकं गुरुग्रामला पोहोचलं. धम्मपालने ते उघडलंसुद्धा नाही. चौदाला सगळ्यांसमोर उघडू, म्हणाला.

चौदा एप्रिलला वंदना झाली, हार घातला, पोहे झाले आणि तीसेक माणसं अंगणात आली. साकेत रिमोट हातात घेऊन तयारच होता. मला उचलून कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी स्टुलावर ठेवलं होतं. बाबा सदऱ्याच्या खिशात हात घालून उभे होते. धम्मपालने खोकं उघडलं, कागद बाजूला केले आणि त्या हिरव्या इंजिनाला दोन्ही हातांनी धरून सरळ रुळांवर ठेवलं. चाकं कशीबशी टेकली. वाघिणी माझ्याच मापाच्या, त्या लाडू भरून नुसत्या मागे जोडल्या. साकेतने बटण दाबलं. शिट्टी झाली, धूर निघाला, सगळ्यांनी वाहवा केली. सरळ रुळांवर तो पाच-सहा हात बरा गेला. मला वाटलं, निभावलं की काय. मग लिंबोणीचं वळण आलं. वळणावर त्याचं अंग एका बाजूच्या रुळाला टेकलं, दुसऱ्या बाजूची चाकं आत घसरली आणि तो दोन रुळांच्या मध्ये पोटावर बसला. मागचे लाडू मातीत गेले. चाकं नुसती गरगर फिरत राहिली.

"काय हे?" धम्मपाल खाली बसला. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदाही तेच. त्याचा चेहरा उतरला. आठ महिने वाट पाहून आणलेली भेट लोकांसमोर मातीत लोळत होती.

"चाकं चुकीची काढलीत अंकल," साकेत म्हणाला. "आजकाल क्वालिटी राहिली नाही यार."

"आपलं जुनंच बरं," मागून कुणीतरी बोललं आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, तुमच्यापासून लपवत नाही. त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. नवा हरला होता. दोष त्याच्या माथी गेला होता. बाबांनी फक्त गप्प बसायचं होतं. आणखी पाच मिनिटं. धम्मपालने तर फोनही काढला होता.

"डिफेक्टिव्ह पीस पाठवलाय. रिटर्न टाकतो, आणि असा रिव्ह्यू लिहितो की बस."

बाबा, गप्प बसा. मी स्टुलावरून एवढंच म्हणत होतो. बाबा, मला माळ्यावर जायचं नाही.

"थांब," बाबा म्हणाले. "लिहू नकोस."

त्यांनी खिशातून हात काढला. हातात पितळेची पट्टी होती. ते वाकले आणि पट्टी रुळांमध्ये धरू लागले, पण हात ऐकेना. पट्टी एकदा या रुळावर आपटे, एकदा त्या. सगळं अंगण ती टकटक ऐकत होतं. मग रमाबाई गर्दीतून पुढे आली, खाली बसली, त्यांच्या हातातून पट्टी घेतली आणि रुळांमध्ये बसवली. नेमकी बसली.

"पस्तीस," बाबा म्हणाले. "बत्तीस पाहिजे. इंजिन बरोबर आहे, रूळ चुकलेत. चूक माझी आहे. तीस वर्षांपासून आहे."

"पण मग तुमचं इंजिन..." साकेत म्हणाला.

"तेही चुकलंय."

एकाने पडलेले लाडू गोळा करायला घेतले. माणसं चांगली होती, कुणी हसलं नाही. हळूहळू आत गेली, जेवणाची पानं मांडली. मला मात्र शरमेने वितळून जावंसं वाटत होतं. जगातलं सगळ्यात अचूक इंजिन म्हणून मी इतकी वर्षं मिरवलो होतो.

दुपारी पाहुणे गेल्यावर धम्मपाल अंगणात आला. बाबा लिंबोणीखाली खुर्चीवर बसलेले. तो समोर जमिनीवर बसला.

"म्हणून मला हात लावू दिला नाहीत?"

बाबांनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "तू शाळेत असताना पट्टी घेऊन फिरायचास," ते म्हणाले. "जे दिसेल ते मोजायचास. खिडकी, आईची वेणी, शेजारचं मांजर. हात लावला असतास तर पहिलं तेच मोजलं असतंस. आणि मग विचारलं असतंस, बाबा, हे पस्तीस का?"

धम्मपालने रुळांमधला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाला, "मला वाटायचं, मी वेंधळा आहे म्हणून. माझ्या हातून मोडेल म्हणून."

"नाही रे," बाबा म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांचा मुलगा रुळांकडे बघत डोळे पुसत होता आणि मी स्टुलावरून सगळं बघत होतो. माझ्यामुळे हे घडलं होतं. माझ्या तीन मिलिमीटरमुळे.

मग त्याने विचारलं, "रूळ बदलायला किती दिवस लागतील?"

"रूळ बदलले की हे कशावर धावणार?" बाबांनी माझ्याकडे मान वळवली.

"ह्याचीही चाकं आत सरकवू."

"त्याला पूर्ण उघडावं लागेल. आस कापावे लागतील. माझ्या हातून होणार नाही आता."

"माझ्या हातून?"

माझी पाचावर धारण बसली. तो? ज्याने मला बॉम्ब म्हटलं, माळ्यावर टाकायला निघाला, तो माझे आस कापणार? बाबांनी माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं, नाही म्हणतील. मला तेच हवं होतं.

"रविवारी ये," बाबा म्हणाले. "सकाळी."

तो आला. तेव्हापासून दर रविवारी मेट्रोने गुरुग्रामहून येतो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरतो आणि मला समोर घेतो. बाबा शेजारच्या खुर्चीवर, स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. रमाबाई माझे स्क्रू ठेवायला वाट्या देते आणि दुपारी आमटी कशात वाढू म्हणून कुरकुरते. पहिल्या रविवारी माझं छत निघालं. दुसऱ्या रविवारी बॉयलर उतरला. तिसऱ्या रविवारी धम्मपालच्या हातून पेचकस सटकला आणि माझ्या कुशीवरून बोटभर लांब ओरखडा उठला, पार नंबराच्या पाटीपर्यंत.

मी कळवळलो. धम्मपाल पेचकस धरून जागच्या जागी थिजला. टेबलाशी एकदम तेरा वर्षांचा मुलगा बसल्यासारखं झालं. बाबांनी मांडीखालून हात काढला, थरथरतं बोट त्या ओरखड्यावरून एकदा फिरवलं.

"पॉलिश करून काढतो," धम्मपाल घाईघाईने म्हणाला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "माझी चूक त्यात तीस वर्षं आहेच. तुझीही एक असू दे."

आज मी हे सांगतोय तो तुकड्यांतून, मित्रांनो. माझी चाकं एका वाटीत, शिट्टी दुसरीत. दोन आस कापायचे राहिलेत. पुन्हा जोडला गेल्यावर बॉयलर वाफ धरेल का, मला ठाऊक नाही. दिवा पेटवायची परवानगी धम्मपाल देईल का, तेही ठाऊक नाही. नवा हिरवा कपाटावर उभा आहे. रूळ बत्तीस होईपर्यंत तोही कुठे जाऊ शकत नाही. आता त्याचा मला राग येत नाही, पण भीती गेली आहे असं म्हणालो तर ती थाप होईल. प्रत्येक रविवारी करवतीचा पहिला आवाज झाला की मी अजून गारठतो.

तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, जिला हात लावायची मनाई आहे. तिला जपा, पण नुसती पुसून कपाटात ठेवू नका. ज्यांनी ती केली त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि ती उघडते कशी ते विचारून घ्या. ते चिडतील कदाचित. चिडू द्या. बहुतेक वेळा तो राग नसतो, कुठल्यातरी जुन्या चुकीची भीती असते. पण विचारायला उशीर करू नका, एवढंच माझं मागणं आहे. बाबा हल्ली स्क्रू दाखवायला बोट पुढे करतात तेव्हा ते एका जागी थांबत नाही. धम्मपालला तीन-तीनदा विचारावं लागतं.

"हा का, बाबा?"

"त्याच्या शेजारचा."